डोळे पिवळे दिसले तर: कुत्रा, मांजर आणि गुरांमधल्या कावीळीचं कारण कसं शोधायचं

ठाणे-नवी मुंबईत पावसाळा लागला की कावीळ झालेली कुत्री दवाखान्यात जास्त यायला लागतात, आणि त्यातली बरीचशी उशिरा येतात. हा उशीर बेपर्वाईमुळे होत नाही. ‘लिव्हर बिघडलंय’ असं कुणीतरी सांगतं, मेडिकलमधून लिव्हरचं टॉनिक येतं, आणि घरातले ते मनापासून चार-पाच दिवस पाजत राहतात. तेवढ्या दिवसांत गोचीडतापात कुत्र्याचं रक्त निम्म्यावर येऊ शकतं आणि लेप्टोमध्ये, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जंतुसंसर्गात, किडन्या बंद पडू शकतात. म्हणून या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पिवळेपणा दिसला की टॉनिकच्या आधी कारण शोधायचं. ते शोधण्याचा एक क्रम आहे आणि त्यातली पहिली पावलं घरीच टाकता येतात.

पिवळेपणा येतो कुठून

रक्तातल्या लाल पेशी ठरावीक काळ जगतात, कुत्र्यात साधारण साडेतीन महिने, मांजरात सव्वादोन. म्हाताऱ्या पेशी मोडल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते उचलतं, त्यावर प्रक्रिया करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. विष्ठेला तपकिरी रंग येतो तो त्यामुळेच.

यात बिघाड तीन जागी होऊ शकतो. पेशीच भराभर फुटत असतील तर यकृत चांगलं असूनही बिलिरुबिन साचतं. यकृत आजारी असेल तर नेहमीचंही उरकत नाही. आणि पित्ताची नळी तुंबली असेल तर तयार पित्त उलटं रक्तात येतं. तिन्हींत डोळे सारखेच पिवळे दिसतात, उपचार मात्र अगदी वेगळे. एकाला रक्त चढवावं लागतं, दुसऱ्याला अँटिबायोटिक आणि सलाईन, तिसऱ्याला कदाचित ऑपरेशन.

घरी काय पाहायचं

प्राण्याला खिडकीपाशी, दिवसाउजेडी न्या. पिवळसर एलईडी दिव्याखाली निरोगी कुत्राही पिवळा दिसतो आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली खरी कावीळ निसटते. वरची पापणी अंगठ्याने अलगद वर ओढा, म्हणजे बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसेल. मग ओठ उचलून हिरड्या पाहा, कानाची आतली बाजू पाहा, पोटाची केस नसलेली कातडी पाहा. लॅब्राडोर किंवा आपल्या देशी काळ्या कुत्र्याच्या हिरड्या काळ्या असतील तर डोळ्यावरच भर द्या. मांजराचं तोंड उघडून टाळू बघा, तिथे पिवळी झाक बऱ्याचदा लवकर कळते. म्हशीची कातडी काही सांगत नाही, तिच्या पापणीची आतली बाजू आणि योनीमुखाच्या आतलं अस्तर पाहावं लागतं.

हिरड्या पाहताना पिवळेपणाबरोबर फिकटपणाही तपासा, हे फार महत्त्वाचं आहे. बोटाने हिरडी दाबून सोडा. दाबण्याआधीच ती पांढुरकी दिसत असेल आणि वर पिवळी झाक असेल, तर रक्त फुटत असण्याचा दाट संशय घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

लघवी पाहायला सोपी युक्ती आहे. कुत्रा लघवी करताना खाली पांढरा कागदी कप धरा, किंवा जमिनीवरची लघवी पांढऱ्या कापसाने टिपा. हळदीसारखा गडद पिवळा-केशरी रंग म्हणजे बिलिरुबिन उतरतंय. लालसर किंवा काळ्या चहासारखा रंग म्हणजे बहुधा रक्तपेशी नसांमध्येच फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडतंय. विष्ठेचा रंगही लिहून ठेवा. पांढरट, मातकट विष्ठा पित्ताची वाट पूर्ण अडल्याचं सुचवते; डांबरासारखी काळी चिकट विष्ठा म्हणजे पोटात रक्तस्राव.

दवाखान्यात जाण्याआधी थोडी माहिती कागदावर उतरवा. अंगावर गोचीड दिसले होते का, कधी? साचलेल्या पाण्यातून चालणं झालं का? इमारतीत उंदीर आहेत का? शेवटची लस कधी आणि कोणती? गेल्या महिनाभरात कोणती औषधं पोटात गेली, त्यात घरच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा दुखण्यावरची गोळीही आली, फिट्सच्या गोळ्या आणि स्टेरॉइडही आले. खाणं नेमकं कधीपासून सुटलं? डॉक्टर हे सगळं विचारतातच, पण टेबलावर प्राणी धडपडत असताना तारखा आठवत नाहीत.

खाण्यातल्या विषबाधेचा प्रश्न मी नेहमी वेगळा विचारते, कारण लोकांना तो सुचतच नाही. उरलेल्या भाजीतल्या कांदा-लसणाने लाल पेशी फुटतात, मांजरांना हे जास्त बाधतं. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल कुत्र्याची साखर एकदम खाली आणतं आणि यकृतही निकामी करू शकतं. पावसाळ्यात बुरशी आलेला मका, पाव किंवा सादळलेलं खाद्य यांतलं अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर घाव घालतं. आणि घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत सोसायट्यांच्या बागांत हौसेने लावलेलं सायकस: त्याचा सगळाच भाग विषारी, बिया सर्वांत जास्त. कुत्र्याचं पिल्लू त्या चघळतं आणि दोन-तीन दिवसांनी यकृत कोलमडतं. तुमच्या आवारात सायकस असेल तर निदान खाली पडलेल्या बिया रोज उचलून टाकायला माळीकाकांना सांगा.

पहिली चाचणी सर्वांत स्वस्त आहे

रक्ताचा एक थेंब केसासारख्या बारीक काचेच्या नळीत घेतात, एका टोकाला मेण लावतात आणि पाच मिनिटं मशीनमध्ये फिरवतात. नळीत खाली लाल थर बसतो, मध्ये पांढरी बारीक रेघ, वर पाण्यासारखा प्लाझ्मा. लाल थर एकूण उंचीच्या किती टक्के, हे मोजलं की हिमॅटोक्रिट मिळतं. कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५, मांजरात ३० ते ४५ असतं. वरचा प्लाझ्मा पिवळा असेल तर कावीळ पक्की. डोळ्यांत दिसण्याआधीच ती इथे दिसते. प्लाझ्मा गुलाबी-लाल असेल तर पेशी नसांमध्येच फुटत आहेत, किंवा मग रक्त काढताना नमुना खराब झालाय.

प्लाझ्मा पिवळा आणि लाल थर फारच कमी, म्हणजे कुत्र्यात २० टक्क्यांच्या आसपास, असं चित्र असेल तर शोध रक्त फुटण्याच्या दिशेने न्यायचा. लाल थर जवळपास ठीक असेल तर यकृत आणि पित्तनळीकडे वळायचं. एवढ्या छोट्या नळीने पहिलं वळण ठरतं, म्हणून आपल्या डॉक्टरांना ‘हिमॅटोक्रिट किती आलं?’ हे जरूर विचारा.

नमुन्याबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडे बरेचदा माणसांच्या लॅबमध्येच रक्त जातं. तिथलं मशीन माणसाच्या पेशींवर बेतलेलं असतं. मांजराच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. त्यामुळे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तो आकडा खरा धरू नका. दुसरं म्हणजे, बिलिरुबिन उजेडात नासतं. बायोकेमिस्ट्रीची नळी फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या पिशवीसोबत पाठवा. दुपारच्या उन्हात डिलिव्हरीच्या डिकीत तासभर फिरलेल्या नमुन्यावर निदान करू नये.

रक्त फुटत असेल तर

आपल्या भागात इथे पहिला संशयित गोचीड. कुत्र्यांत बबेसिया हा परजीवी थेट लाल पेशीत शिरतो. कानाच्या टोकाला सुई टोचून घेतलेल्या थेंबाची काचपट्टी त्यासाठी चांगली, कारण बारीक केशवाहिन्यांत परजीवी असलेल्या पेशी जास्त सापडतात. पण पट्टीवर दिसला नाही म्हणजे नाहीच असं नाही. बबेसिया गिब्सोनी फार बारीक असतो आणि संख्येने कमी असला तर सुटून जातो. तेव्हा पीसीआर करावा लागतो. गिब्सोनी की मोठा बबेसिया हे कळणं गरजेचं, कारण दोघांची औषधं वेगळी. गोचीडांमुळेच होणाऱ्या एर्लिकियाच्या झटपट किटबद्दल मात्र सावध राहा. त्या प्रतिपिंडं शोधतात. जुना, बरा झालेला संसर्गही पॉझिटिव्ह दाखवतात.

काही कुत्र्यांत शरीर स्वतःच्याच लाल पेशींवर हल्ला करतं. त्यासाठी एक साधी खूण आहे: काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सलाईन मिसळलं तरी पेशींच्या गुठळ्या सुटत नाहीत. ‘ऑटोइम्यून’ असा शिक्का मारून स्टेरॉइड सुरू करण्याआधी बबेसिया नीट नाकारलेला असावा, हे मी आग्रहाने सांगते. गिळलेला जस्ताचा मुलामा दिलेला नट-बोल्टही रक्त फोडतो, म्हणून पिल्लाच्या पोटाचा एक्स-रे विसरू नका.

लेप्टो: इथे घाई केलीच पाहिजे

उंदराच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात टिकून राहतात. कळव्या-दिव्याच्या सखल गल्ल्या असोत की वाशीचा बाजार परिसर, पावसाळ्यात उंदीर आणि पाणी दोन्ही एकत्र आले की धोका तयार होतो. जंतू कातडीवरच्या बारीक जखमांतून किंवा तोंडा-डोळ्यांच्या अस्तरातून शिरतात. पुढच्या काही दिवसांत ते दोन आठवड्यांत ताप, उलट्या, स्नायू दुखल्यामुळे आखडून चालणं, मग कावीळ. सुरुवातीला कुत्रा भरपूर पाणी पितो आणि भरपूर लघवी करतो, नंतर लघवी कमी होत थांबते.

रिपोर्टमध्ये बिलिरुबिनच्या जोडीला क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) वाढलेलं आणि प्लेटलेट घटलेल्या दिसल्या तर लेप्टो मनात सर्वांत वर ठेवा. नक्की करायला पहिल्या आठवड्यात रक्ताचा पीसीआर, त्यानंतर लघवीचा. हे नमुने अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचे, पण रिपोर्टची वाट पाहत अँटिबायोटिक लांबवायचं नाही. नमुना काढा आणि लगेच इंजेक्शन सुरू होऊ द्या. प्रतिपिंडांची मॅट चाचणी करायची तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते आणि चौपट वाढ दिसावी लागते. नुकतीच लस झाली असेल तर एकट्या चाचणीचा आकडा फसवा.

हा आजार माणसाला होतो. कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसा, पाइपने फवारा मारून धुऊ नका, आधी पातळ केलेलं ब्लीच टाकून दहा मिनिटं थांबा. घरात कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरच्या कुत्र्याला लेप्टो आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर आजारी कुत्र्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. लसीचे पहिले दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने आणि मग दरवर्षी, शक्यतो मे अखेरीपर्यंत उरकलेले बरे.

यकृताचा रिपोर्ट वाचताना

एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम वाढलं म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या. किती काम बंद पडलं ते त्यावरून कळत नाही. मार लागलेल्या, पण सुधारणाऱ्या यकृतात ते हजारांत जाऊ शकतं, आणि शेवटच्या टप्प्यात आक्रसून गेलेल्या यकृतात ते नॉर्मल येऊ शकतं, कारण दुखावायला पेशीच उरलेल्या नसतात. अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम पित्त अडल्यावर वाढतं, पण कुत्र्यात स्टेरॉइडनेही वाढतं, आणि वाढत्या पिल्लात हाडांमुळे. कानात टाकायच्या थेंबांत किंवा कातडीच्या मलमात स्टेरॉइड होतं का, हेही आठवा.

यकृत काम करतंय का हे कळायला अल्ब्युमिन, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, युरिया पाहा. हे चारही खाली घसरत असतील तर गंभीर आहे. रक्त गोठायला लागणारा वेळही मोजून घ्या. कावीळ दिसत नसताना यकृताची शंका असेल, उदाहरणार्थ शिह त्झूचं वाढ खुंटलेलं पिल्लू जेवल्यानंतर भ्रमिष्टासारखं फिरतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, तर पित्ताम्लांची चाचणी करावी: बारा तास उपाशी ठेवून एक नमुना, खाऊ घातल्यावर दोन तासांनी दुसरा. यकृताला बगल देणारी जन्मजात रक्तवाहिनी त्यातून पकडली जाते. कावीळ आधीच दिसत असेल तर या चाचणीवर पैसे घालवू नका, ती वाढलेलीच येणार.

यानंतर सोनोग्राफी. पित्ताशयात साका घट्ट होऊन त्यावर किवीच्या चकतीसारख्या रेषा दिसत असतील तर पित्ताशय फुटण्याआधी सर्जनकडे जायला हवं. हे बहुधा उतारवयातल्या कुत्र्यांत दिसतं. नळी फुगलीय का, गाठ आहे का, पोटात पाणी आहे का, हेही इथेच कळतं. यकृताचा तुकडा काढायची वेळ आली तर गोठण्याची चाचणी आणि गरजेप्रमाणे व्हिटॅमिन के आधी, सुई नंतर. मोठ्या तपासण्यांसाठी परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आपल्याला लोकलच्या अंतरावर आहे. जाताना आधीचे सगळे रिपोर्ट आणि काचपट्ट्या बरोबर घ्या.

मांजर असेल तर

गणपतीत घरातले कोकणात जातात, मांजर बोर्डिंगमध्ये किंवा शेजाऱ्यांकडे राहतं. जाडसर मांजर रुसून खाणं सोडतं आणि परत येईपर्यंत पिवळं झालेलं असतं. मांजराने तीन-चार दिवस खाल्लं नाही की अंगातली चरबी यकृतात लोटते आणि पेशी तिने भरून जातात. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज बरंच वाढलेलं आणि जीजीटी हे यकृताचं आणखी एक एन्झाइम मात्र जवळपास नॉर्मल, अशी जोडी दिसली तर हेच बहुधा. मांजराच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज काही तासच टिकतं, म्हणून थोडीशी वाढही गांभीर्याने घ्या. लघवीत बिलिरुबिन कुत्र्यात किंचित चालतं, मांजरात अजिबात नाही.

यावरचं मुख्य औषध म्हणजे अन्न, तेही नळीतून. तोंडात सिरिंजने कोंबत राहिलं तर मांजर त्या अन्नाचाच तिटकारा धरतं आणि ठसका लागण्याचा धोका वेगळा. डॉक्टर मानेतून नळी घालू म्हणाले तर घाबरून नाही म्हणू नका. नीट सांभाळलेल्या नळीवर घरीच काही आठवडे भरवून मांजरं पूर्ण बरी होतात. मात्र खाणं का सुटलं होतं ते शोधायचंच: स्वादुपिंडाची सूज, पित्तनळीचा दाह, तरुण मांजरात एफआयपी हा विषाणूजन्य आजार. आणि मांजराला पॅरासिटामॉल कधीही, कितीही कमी देऊ नका.

शहापूर-मुरबाडचा गोठा

गुरांत पिवळेपणाची वाट तापाने वेगळी करता येते. जोराचा ताप आणि कॉफीच्या रंगाचं मूत असेल तर बबेसिया. ताप, पिवळेपणा, कोठा जड, पण मूत लाल नाही, तर गोचीडांतूनच येणारा अ‍ॅनाप्लाझ्मा. संकरित गायीच्या खांद्यापुढची गाठ लिंबाहून मोठी झाली असेल तर थायलेरिया, तोही गोचीडांतूनच येणारा परजीवी, आणि त्या गाठीतून सुईने घेतलेल्या पाण्याची पट्टी पाहावी. आणि म्हैस व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत, भरपूर दूध देत असताना, ताप नसूनही मूत लाल आलं तर फॉस्फरसची कमतरता धरावी. तिथे गोचीडतापाची सुई मारून उपयोग नाही.

भातखाचरांच्या कडेला, ओहोळावर चरणाऱ्या जनावरांत यकृतातले चपटे कृमी असतात. गोगलगायीमार्फत ते गवतावर येतात. जनावर हळूहळू वाळतं, दूध घटतं, जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबते. कावीळ क्वचितच ठळक दिसते. शेण तपासायला देताना ‘तळाशी बसवून पाहा’ असं सांगा, कारण या कृमीची अंडी जड असतात आणि तरंगवण्याच्या पद्धतीत हुकतात. उन्हाळ्यात हिरवं संपलं की जनावरं घाणेरीचं (लँटाना) झुडूप खातात. त्यात पिवळेपणाबरोबर नाकपुडी आणि पांढऱ्या कातडीच्या भागावर उन्हाने भाजल्यासारख्या खपल्या येतात. त्या जनावराला आधी सावलीत बांधा. बुरशीची शेंगदाणा पेंड हेही कारण तपासा. गुरांत एसजीपीटीचा आकडा फारसा कामाचा नाही, जीजीटी आणि एसजीओटी या एन्झाइमचे आकडे मागा.

डाग देणं, कावीळ उतरवणं यात जनावराला फक्त वेदना होतात आणि एक-दोन दिवस जातात. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

उपचार सुरू झाल्यावर

यकृताचा रुग्ण म्हटलं की घरात लगेच मटण, अंडी बंद करून नुसता भात सुरू होतो. मेंदूवर परिणाम झालेला नसेल तर प्रथिनं तोडू नका, यकृताला स्वतःची दुरुस्ती करायला तीच लागतात. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा द्या.

रोज त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी डोळ्याचा फोटो काढा. पण डोळे पिवळेच दिसतात म्हणून धीर सोडू नका. बरेच दिवस कावीळ राहिली असेल तर काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि ते अल्ब्युमिन झिजेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, रक्तात राहतं. कुत्रा शेपटी हलवत जेवायला येतो तरी डोळा पिवळा दिसतो, तो यामुळे. त्या काळात भरवसा हिमॅटोक्रिट, भूक आणि लघवीच्या प्रमाणावर ठेवा. रक्त फुटण्याच्या आजारात सुरुवातीला हिमॅटोक्रिट रोज, स्थिरावल्यावर आठवड्याने. यकृताच्या आजारात एन्झाइम दोन आठवड्यांनी. मधेच भूक गेली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, काळी विष्ठा झाली किंवा लघवी थांबली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.